राहाबेच्या खिडकीची दोरी

दिस्त्रोस महिन्याची ३, प्रभूचा वार

आगापितोस आजोबांनी मला शिक्षा दिली आहे. तोंड उघडण्याआधी जे म्हणायचं ते लिहून काढायचं, आणि लिहून झाल्यावरही म्हणावंसं वाटलं तरच म्हणायचं. आजोबा आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, त्यांच्यापुढं कोण बोलणार? म्हणून रंगांच्या कृती उतरवायचे पाठकोरे कागद काढून बसलो आहे. मी निकांद्र, सोर शहरातला किरमिजी रंगाचा रंगारी आणि या मंडळीचा वाचक. मी वाचायला लागलो की आवाज बंदरापर्यंत जातो असं लोक म्हणतात. खोटं कशाला बोलू, जातो.

घडलं ते असं. मोशेनंतर जो सेनापती झाला त्याची पोथी आज वाचायला होती. आमच्या ग्रीक पोथीत त्याचं नाव आणि आपल्या प्रभूचं नाव अक्षर न अक्षर एकच आहे, येशू. हिब्रूत त्याला यहोशवा म्हणतात म्हणे, पण आम्हाला हिब्रू कुठं येतं? तर मी वाचलं, की येशूनं दोन हेर यरीहो शहरात पाठवले आणि ते राहाब नावाच्या वेश्येच्या घरी उतरले. एवढ्यात दाराजवळून एक बाई मोठ्यानं म्हणाली, "बरोबर आहे! तो तिथंच पाठवणार!"

सगळी सभा मागं वळली. दक्षिण बंदरावर खानावळ चालवणारी मेलित्ता. अजून बाप्तिस्माही झालेला नाही, चारदोन वेळा येऊन दाराशी बसली असेल. तिला वाटलं, हा आपलाच येशू! मी पोथी खाली ठेवली आणि म्हणालो, "बाई, हा तो येशू नव्हे. हा त्याच्या कित्येक पिढ्या आधीचा. समजत नसेल तर निदान गप्प बसता येतं का बघा." लोक हसले. ती हसली नाही. पदर सावरून खाली बसली, पण उठून गेली नाही.

घरी झोईताईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, मसुराची वाटी आदळून पुढं ठेवली. मी विधुर झाल्यापासून घर तीच बघते, आणि मलाही. म्हणाली, "कापडाला लावतोस ती तुरटी जरा स्वतःच्या जिभेला लाव."

मी म्हणालो, "चूक ती चूक. वाचकानं सुधारायची नाही तर कुणी?"

"तिची चूक छान होती रे," ताई म्हणाली. मी मसूर पुढं ओढले.

दिस्त्रोस ५

सकाळीच दारात आवाज. "वाचकबुवा आहेत का?"

मेलित्ता. मला वाटलं भांडायला आली. मी हंड्यातली काठी हातातच ठेवली. पण तिला लोकर हवी होती, लाल, दोरी वळण्यापुरती.

मी म्हणालो, "मंजिष्ठेचा लाल घ्या. खानावळीला पुरे होईल."

"त्या राहाबेनं कोणता बांधला होता?"

"किरमिजी. ओकाच्या झाडावरच्या किडीचा. तो उन्हापावसात विटत नाही."

"मग मला तोच द्या. आणि पुढं तिचं काय झालं तेही सांगा. परवा तुम्ही माझ्यावर ओरडलात त्यात माझं निम्मं ऐकायचं राहून गेलं."

म्हणून सांगितलं. राहाबेनं हेरांना छपरावर जवसाच्या काड्यांखाली लपवलं. तिचं घर गावकुसाच्या भिंतीतच होतं, म्हणून खिडकीतून त्यांना दोरानं खाली सोडलं. हेर जाताना म्हणाले, या खिडकीला किरमिजी दोरी बांधून ठेव. पुढं शहर पडलं तेव्हा दोरीच्या घरात जे जे होते ते सगळे वाचले.

"आधी तिला विचारलं नाही? धंदा सोडलास का, कधीपासून सोडलास, साक्षीला कोण आहे?"

"पोथीत तसं काही नाही."

"हं," म्हणाली. बोलताना लोकरीची लड सारखी बोटाला गुंडाळत होती. अशानं माल खराब होतो. तिच्या गालाला खळी पडते, एकाच गालाला. हे मी कशाला लिहिलं कोण जाणे. शाई वाया गेली.

दिस्त्रोस १०, प्रभूचा वार

आज रागातच लिहितोय.

आज सभेला मेनेक्रातेस आला. पोंतुस प्रांताकडचा जहाजवाला, शहराच्या उत्तर टोकाला त्याची वेगळी मंडळी भरते. प्रभूला मानतात, पण मोशेची आणि संदेष्ट्यांची एकही पोथी घरात ठेवत नाहीत. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. साथीच्या दिवसांत यांनीच आमच्या आजाऱ्यांना पाणी पाजलं. आवाजही असा, की ऐकणाऱ्याला वाटावं आपण स्वतःच विचार करतोय.

वाचन झाल्यावर अदबीनं उभा राहिला. "भावांनो, एकच विचारतो. आपल्या पोथ्यांत येशू दोन. एकानं लढाई संपू नये म्हणून सूर्य थांबवून धरला. दुसऱ्याला शिष्य म्हणाले, आपल्याला थारा न देणाऱ्या त्या गावावर आग पाडू का, तर त्यांनाच रागावला. एकानं यरीहोत म्हातारी, पोरं, गुरं, काही शिल्लक ठेवलं नाही. दुसऱ्यानं त्याच यरीहोच्या रस्त्यावर आंधळ्याला डोळे दिले. हे दोघे एकाच देवाचे कसे? ती जुन्या पोथ्यांची पेटी ज्यांची आहे त्यांना, यहूद्यांना, देऊन टाका. मग तुमच्याआमच्यात भिंत कशाला हवी? एकाच टेबलावर भाकर मोडू."

कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. मला भीती वाटली ती त्याचीच. लोक पटल्यासारखे माना डोलावत होते.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आजोबांनी लिहू नकोस म्हणून सांगितलंय.

दिस्त्रोस ११

ठरलं. येत्या प्रभूच्या वारी मेनेक्रातेसनं बोलायचं, मग मी, मग सगळ्या मंडळीनं ठरवायचं. पेटी राहणार की जाणार.

पेटी म्हणजे देवदाराची, झाकणाला चीर गेलेली. उत्पत्तीच्या पोथीपासून संदेष्ट्यांच्या पोथ्यांपर्यंत सगळं तीत आहे, तेलाच्या डागांसकट. माझ्या बायकोला शेवटी शेवटी माझं नाव आठवत नव्हतं. पण त्या पेटीतली स्तोत्रं मी वाचायला लागलो की पुढची ओळ ती म्हणायची. एकदाही चुकली नाही. ती पेटी मी उचलून दुसऱ्याला देऊ? माझ्या जिवात जीव असेतो नाही.

पण हेही लिहून ठेवतो, कारण इथं तरी खरं बोलायला हवं. यरीहोतल्या कत्तलीच्या ओळी आल्या की मी भरभर वाचतो.  मेनेक्रातेसचा प्रश्न माझाच होता, मी तो कधी विचारला नाही एवढंच.

दिस्त्रोस १३

उत्तर सापडलं! काल हंड्यात लोकर बुडवताना एकदम डोक्यात उजेड पडला. लाल दोरी म्हणजे रक्त! प्रभूचं रक्त! राहाबेची दोरी म्हणजे क्रूसाची आगाऊ खूण. वल्हांडणाच्या रात्री, मरण घर ओलांडून पुढं जावं म्हणून, दाराला लावलेलं कोकराचं रक्त, तेही तेच. झोईताईला सांगितलं. ती म्हणाली, "छान आहे. पण लाल दिसलं की तुला रक्तच सुचतं. उद्या डाळिंबाचं काय करशील?" डाळिंबाचाही विचार करून ठेवला आहे.

मग शेजारी हनिनाकडे गेलो. हनिना निळीचा रंगारी, यहूदी, त्यांच्या सभास्थानात मुलांना शास्त्र शिकवतो. आमचं लहानपणापासून वाकडं आणि लहानपणापासून येणंजाणं. त्याला लाल दोरीचा अर्थ सांगितला तर हसून हसून त्याला ठसका लागला.

"अरे, तू रंगारी नसतास तर काय केलं असतंस? आणि गंमत बघ, पोथी आमची, आणि तिच्यावरून भांडताय तुम्ही दोघं! आम्हाला विचारलं का कुणी?"

"मेनेक्रातेस म्हणतो पेटी तुम्हालाच द्यायची."

"नको बाबा! तुमच्या ग्रीक पोथ्या, वर हे तेलाचे डाग. आम्ही काय दिवे पुसू त्यांनी?"

मी म्हणालो, "चेष्टा पुरे. ती कत्तल तुम्ही कशी वाचता, तेवढं सांग."

तो हसायचा थांबला. "त्रास होतो," म्हणाला. "माझ्या आजोबांना व्हायचा, मला होतो, आणि पोरांना झाला नाही तर मी नीट शिकवलं नाही असं समजतो. पण त्रास झाला म्हणून आम्ही पान फाडत नाही. पुन्हा वाचतो."

हे काही उत्तर नव्हे. पण घरी येईपर्यंत ते माझ्या मागं मागं आलं.

दिस्त्रोस १४

मेलित्ता पुन्हा आली. दोरी कशी वळायची, दुपदरी की तिपदरी. खानावळीत दोर वळणारे खलाशी डझनावारी जेवतात, त्यांना विचारता आलं नसतं का? पण मी दाखवलं. तिपदरी. तिनं विचारलं, "पेटी गेली तर राहाब पण जाणार?"

"सगळंच जाणार."

"मग हरू नका, वाचकबुवा," एवढंच म्हणाली. अंजिरं ठेवून गेली. गोड होती.

दिस्त्रोस १५

हनिना आज स्वतः आला, हात निळे तसेच. म्हणाला, "तुझं ते रक्ताचं सोडून दे, तो जहाजवाला तुला त्यातच बुडवेल. एक शब्द देतो. माझं नाव सांगितलंस तरी चालेल, नाही सांगितलंस तर मात्र याद राख."

मग त्यानं सांगितलं. हिब्रू पोथीत राहाबेच्या त्या दोरीला तिक्वा म्हटलंय. आणि बाकी शास्त्रात जिथं जिथं हा शब्द येतो तिथं त्याचा अर्थ दोरी नाही. आशा.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? भिंत पडणार हे तिला माहीत होतं. बाईनं खिडकीला काय बांधलं ते तूच बघ. आमच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे, तुमच्या ग्रीकात उतरताना त्यातला एक सांडला."

मी किती वर्षं ती ओळ वाचतोय! हजार डोक्यांसमोर, खणखणीत आवाजात! आणि मला फक्त रंग दिसत होता. मी हनिनाला मिठी मारली. माझ्या सदऱ्यावर निळे पंजे उठले ते तसेच आहेत.

दिस्त्रोस १७, प्रभूचा वार

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

ताई म्हणते आधी जेव. जेवण पळून जात नाही. सगळं क्रमानं लिहितो.

उजाडताच सभेचं घर भरलं. दारात, जिन्यावर, अंगणातल्या हौदाच्या कठड्यावर माणसं. मेनेक्रातेस आधी बोलला, थोडकं आणि गोड. शेवटी पेटीवर हात ठेवून म्हणाला, "हिच्यातला देव मला भीती घालतो. मुलाला निजवताना याच्या गोष्टी मी सांगू शकत नाही. तुम्ही सांगता?" एका आईनं खाली बघितलं. मला ते दिसलं.

मी उठलो. आता कबूल करतो, रक्ताचं सोडवलं नाही माझ्याच्यानं. इतकं सुंदर बसवलं होतं! तिथूनच सुरुवात केली. दोरी लाल, रक्त लाल, वल्हांडण, क्रूस. आवाज लागला होता. मेनेक्रातेसनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "बघा. एका दोरीचा धागा मिळाला तर त्यातही यांना रक्तच दिसतं. मी दुसरं काय म्हणत होतो?"

लोक हसले. मागच्या वेळी मी हसवलं होतं, आज माझंच हसं झालं. आणि माझं डोकं रिकामं. तिक्वा हा शब्दच आठवेना!  आजोबांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात दाराजवळून मेलित्ता म्हणाली, "मी बोलू का?"

कुणीतरी म्हणालं, "तिचा अजून बाप्तिस्मा नाही." आजोबा म्हणाले, "राहाबेचा पण नव्हता. बोल, पोरी."

ती पुढं आली नाही, तिथूनच बोलली. "मी दक्षिण बंदरावर खानावळ चालवते. वरच्या खोल्या आधी कशासाठी होत्या ते इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, काहींना जरा जास्तच." इथं दोघेतिघे खोकले. "मी पहिल्यांदा इथं आले ती मासळी द्यायला. आत वाचकबुवा वाचत होते. वेश्या, हेर, भिंतीतलं घर. मला वाटलं, ही तर आमच्याच गल्लीतली गोष्ट! म्हणून बसले. नंतर पुन्हा तीच गोष्ट निघाली तेव्हा वाटलं हा आपलाच येशू, आणि मी ओरडले. चुकले. वाचकबुवांनी सगळ्यांसमोर सांगितलं की चुकले."

मला जमीन गिळून टाकील तर बरं असं झालं.

"मेनेक्रातेस दादा, तुम्ही म्हणता हे दोन देव. मला शिकलेलं काही येत नाही. त्या शहरात मेले त्यांचं मलाही वाईट वाटतं, मी त्यासाठी रडलेय. पण त्याच पोथीत, त्याच पडणाऱ्या भिंतीत, एक खिडकी ठेवलीय. ती माझ्यासारखीची आहे. तुमच्या नव्या पेटीत राहाब नाही. ही पेटी बाहेर गेली तर तिच्याबरोबर मी पण बाहेर जाईन, कारण मी आत आले ती त्या खिडकीतून."

सगळ्या माना दाराकडं वळल्या. आणि तेवढ्यात माझा शब्द परत आला! मी ओरडलो, "तिक्वा!"

सगळे दचकले. मग मी सांगितलं. हनिनाचं नाव घेऊन सांगितलं, शेजारी आहे, यहूदी आहे, निळीचा रंगारी आहे आणि माझ्यापेक्षा चांगलं वाचतो. त्यांच्या भाषेत दोरी आणि आशा एकच शब्द. रक्त नव्हे, निदान आधी रक्त नव्हे. भिंत पडणार हे माहीत असताना एका बाईनं आपल्या खिडकीला आशा बांधली, आणि जो देव शहर पाडत होता त्यानंच ती बघितली. "यातलं सगळं मला कळत नाही," मी म्हणालो. माझ्या तोंडून हे वाक्य ऐकून ताईचं तोंड उघडंच राहिलं. "पण कळत नाही म्हणून पान फाडायचं नाही. पुन्हा वाचायचं. पेटी गेली असती तर हा शब्द कुणाला सापडला असता?"

पहिली ती आई उठली, जिनं मघाशी खाली बघितलं होतं. म्हणाली, "ही गोष्ट मी निजवताना सांगेन." मग जिना उठला, अंगण उठलं. "पेटी राहू दे! पेटी राहू दे!" आजोबा काठी आपटत होते, गप्प करायला नव्हे, तालावर! कुणीतरी पेटी डोक्यावर घेतली आणि अंगणात मिरवली. झाकणाची चीर आणखी वाढली. वाढू दे!

मग आजोबांनी मला राहाबेचा तो भाग पुन्हा वाचायला लावला. या वेळी मी सावकाश वाचलं, कत्तलीच्या ओळी पण. दोरीपाशी आलो तेव्हा सगळ्या घरानं एका आवाजात तो परका शब्द म्हटला. माझ्या आवाजापेक्षा मोठा आवाज या घरात मी प्रथमच ऐकला.

माझा शब्द होता म्हणून जिंकलो. मेलित्तानंही वेळेवर आधार दिला, ते मान्य करायला हवं.

दिस्त्रोस १८

मेनेक्रातेस निरोप घ्यायला आला होता, जहाज सुटायचं होतं. हात हातात घेऊन म्हणाला, "तुझ्या शब्दाला उत्तर होतं माझ्याकडं. त्या बाईला नव्हतं. म्हणजे, द्यावंसं वाटलं नाही." हरलेला माणूस काही तरी बोलणारच.

हनिनाला बातमी सांगितली. "माझं नाव घेतलंस?" "घेतलं." "आधी की शेवटी?" "मधे." "चालेल," म्हणाला. "पण तो आमचा यहोशवा, लक्षात ठेव. उसना दिलाय."

ताई म्हणते मेलित्ताचे आभार मानलेस का. मानले नाहीत. त्या दिवशी ओरडलो त्याबद्दलही काही बोललो नाही. काय बोलायचं ते आधी लिहून काढावं म्हणतो.

दिस्त्रोस २०

लिहून काढलं, तीन कागद. मग दक्षिण बंदरावर गेलो. खानावळीच्या वरच्या खिडकीला माझी किरमिजी दोरी, तिपदरी, उत्तम वळलेली. पण चुकीच्या खिडकीला! रस्त्याकडची खिडकी सोडून तिनं ती पूर्वेकडच्या, माझ्या रंगशाळेसमोरच्या खिडकीला बांधलीय. तिकडे सकाळभर ऊन. तिला तसं सांगितलं.

ती दारात उभी राहून म्हणाली, "रंग उतरेल का?"

"किरमिजी आहे, उतरणार नाही."

"मग असू दे. निकांद्र, मला माहीत आहे मी कुठल्या खिडकीला बांधलीय ते."

वाचकबुवा म्हणाली नाही. मला वाटलं रागावली. कागद सदऱ्यातच राहिले. घरी येऊन ताईला सगळं सांगितलं, ऊन, खिडकी, नाव. ताईनं हातातली परात खाली ठेवली.

"अरे शहाण्या, सगळ्या मंडळीला ओरडून तूच सांगितलंस ना, बाईनं खिडकीला काय बांधलं ते?"

सांगितलं होतं. तोंडपाठ आहे मला. मी हंड्यापाशी जाऊन बसलो, तिथून ती खिडकी सरळ दिसते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा हंडा उतू गेला. लाल ओघळ पार उंबऱ्यापर्यंत. पुसायचं सुचलं नाही.

आजोबांनी सांगितलंय, आधी लिही आणि मग बोल. हे काही लिहिता येत नाही. जाऊन बोलावंच लागेल. सदऱ्यावर हनिनाचे निळे पंजे आहेत, राहू देत. निघालोच.